इशी: धनुष्य करणारा आणि ती विद्या फुकट वाटणारा माणूस

खाडीपलीकडे

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कात, पार पश्चिमेकडे, समुद्राच्या अंगाला तिरंदाजीचं एक सार्वजनिक मैदान आहे. तिथे कंपाउंड (कप्प्या लावलेली आधुनिक) धनुष्यं नि कार्बनचे बाण घेऊन येणारे असतात, तसे स्वतः तासलेलं लाकडी रिकर्व्ह (टोकं उलटी वळवलेलं धनुष्य) खांद्याला लावून येणारे काही म्हातारेही असतात. या दुसऱ्या मंडळींशी जरा गप्पा मारल्या की इशीचं नाव निघतंच. आपल्याकडे त्याच्याबद्दल वाचलेलं असलंच तर 'अमेरिकेतला शेवटचा रानातला इंडियन' एवढंच असतं. मला त्याच्याबद्दल कारागीर म्हणून लिहायचंय. ती बाजू नेहमी मागे पडते.

पार्श्वभूमी थोडक्यात. उत्तर कॅलिफोर्नियात लासेन शिखराच्या पायथ्याशी मिल क्रीक आणि डिअर क्रीक असे दोन ओढे आहेत. त्यांच्या खोऱ्यांत याही लोक राहायचे. १८४८-४९ला सोन्याच्या मागे माणसांचा लोंढा आला आणि पुढच्या वीसेक वर्षांत याहींची अक्षरशः शिकार झाली. १८६५चं थ्री नोल्सचं हत्याकांड त्यातलंच. वाचलेली मूठभर माणसं पुढे चाळीस वर्षं लपून राहिली. १९०८ साली पाणी-वीज प्रकल्पाची मोजणी करणारी तुकडी डिअर क्रीकच्या काठी त्यांच्या वस्तीवर येऊन धडकली. बाकीचे पळाले, चालता न येणारी म्हातारी आई मागे राहिली. मोजणीवाल्यांनी धनुष्यं, बाण, टोपल्या, कातडी, हाताला लागेल ते उचलून नेलं. थंडीच्या तोंडावर एखाद्या घरातून हत्यारं आणि पांघरुणं नेणं म्हणजे काय, ते सांगायला नको.

२९ ऑगस्ट १९११ला ओरोव्हिल गावच्या कत्तलखान्याच्या आवारात एक पन्नाशीचा माणूस सापडला. एकटा, उपाशी. शेरीफने त्याला कोठडीत ठेवलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे वॉटरमन याना, म्हणजे याहींच्या भाषाकुळातल्या, शब्दांची यादी घेऊन आले. एकेक शब्द वाचत गेले, काही जुळेना. शेवटी खाटेच्या लाकडावर बोट ठेवून 'सिविनी' म्हणजे पाइन म्हणाले, तेव्हा त्याची कळी खुलली. त्याने आपलं खरं नाव कधीच कुणाला सांगितलं नाही. 'इशी' हे क्रोबर या मानववंशशास्त्रज्ञांनी वापरायला ठेवलेलं नाव.

त्याला सॅन फ्रान्सिस्कोत विद्यापीठाच्या संग्रहालयात आणलं. तिथेच राहायचा, साफसफाईत मदत करायचा, महिन्याला २५ डॉलर पगार. रविवारी दुपारी लोक बघायला यायचे. तो काच किंवा ऑब्सिडियनचा (ज्वालामुखीच्या काळ्या काचेचा) तुकडा घेऊन बाणाचं पातं करून दाखवायचा आणि पाती लोकांना देऊनही टाकायचा.

शेजारीच वैद्यकीय महाविद्यालय. तिथले सर्जन सॅक्स्टन पोप १९१२च्या सुमारास त्याच्या सहवासात आले. पोपना हातचलाखीचे खेळ यायचे, नाणं गायब करणं वगैरे. शस्त्रक्रियेपेक्षा त्याचंच इशीला कौतुक! खरा वैद्य तो, ज्याला असं काही येतं, हे त्याचं मत. तोही पोपबरोबर रुग्णालयात जायचा, हात जोडून खाटांजवळ उभा राहायचा. आणि दुपारी मोकळ्या जागेत दोघं धनुष्याच्या मागे.

आता धनुष्याकडे. पोपने सगळं बारकाईनं टिपून ठेवलंय, म्हणून आज आपल्याला कळतंय. इशीचं धनुष्य आखूड, सुमारे ४२ इंच. त्याची मोजायची रीत अशी की हात आडवा पसरायचा आणि त्या हातापासून विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंतचं अंतर घ्यायचं. लाकूड डोंगरी जुनिपर या सूचिपर्णी झाडाचं. झाडाची फांदी फोडून काढायची आणि गाभा सोडून बाहेरचे थर घ्यायचे, पांढऱ्या लाकडासकट. रंधा नाही, कानस नाही. खरवडायचं आणि वालुकाश्मावर घासायचं. प्रत्येक बाहूच्या मध्यावर रुंदी दोन इंच, जाडी अर्धा इंच, मूठ मात्र अरुंद. टोकं तापलेल्या दगडावर ठेवून मागे वाकवायची. म्हणजे धनुर्धराच्या उलट दिशेला, रिकर्व्ह म्हणतात ते हेच. ती तशीच दुसऱ्या लाकडाला करकचून बांधायची आणि अंधाऱ्या, कोरड्या जागी मुरत ठेवायची. काही महिने, कधी काही वर्षं.

मग धनुष्याच्या पाठीवर, म्हणजे निशाण्याकडच्या बाजूवर, शिरांचा (कंडरांचा) थर. सामन माशाचं कातडं उकळून सरस करायचा. हरणाच्या पायातल्या शिरा चावून चावून मऊ करायच्या, तंतू सुटे करायचे, टोकं एकमेकांवर चढवत पूर्ण पाठ जाड झाकायची. वाळेपर्यंत विलोच्या सालीच्या पट्ट्यांनी आवळून ठेवायची. मग पट्ट्या सोडा, कडा साफ करा, पुन्हा सरस, पुन्हा दगडाने घासणं. मुठीला हरणाच्या चामड्याची वादी. दोरीही शिरांचीच, चावून पीळ घातलेली.

धनुष्य कधी उभं ठेवायचं नाही, आडवं ठेवायचं. उभं राहिलं की त्याचं काम चालूच राहतं, त्याला घाम येतो, ते थकतं असं तो सांगायचा. धनुष्याचं एक टोक तोंडाच्या कोपऱ्याशी धरून दोरीवर बाणाने टिचकी मारत तो गाणंही वाजवायचा.

हे सगळं त्याने पोपना शिकवलं. शिवाय पोपच्या मुलाला, संग्रहालयातल्या लोकांना, बघायला आलेल्या कुणालाही. त्याच्या लोकांना संपवणाऱ्या समाजातली ही माणसं, आणि याने त्यांच्यापासून काही लपवलं नाही. २५ मार्च १९१६ला तो क्षयाने गेला. १९१८ साली पोपने याहींच्या धनुर्विद्येवरचा प्रबंध विद्यापीठातर्फे छापला, १९२३ साली सामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहिलं. पोपकडून त्याचा शिकारीतला साथी आर्थर यंग, आणि यंगकडून पुढे धनुष्यांची कंपनी काढणारा फ्रेड बेअर. अमेरिकेत विसाव्या शतकात हौसेनं धनुष्य करणाऱ्यांची जी परंपरा उभी राहिली तिचा माग काढत गेलं की आपण त्या संग्रहालयाच्या दारात येऊन पोचतो. मला हा माणूस दाता वाटतो. तुमचं काय मत?

---

सातारारोड

मस्त धागा. आमच्याकडे पोरं रिकर्व्हच मारतात, पण ते रायझर, लिंब्स, स्टॅबिलायझर, साइट असं नटबोल्टचं प्रकरण. (लिंब म्हणजे धनुष्याचा बाहू. आमच्या आईला अजून वाटतं आम्ही लिंबाच्या झाडाचं काहीतरी करतो.) सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला गेला तेव्हापासून फलटण-सातारा पट्ट्यात वेड वाढलंय, पार्थ साळुंखेनं २०२३ला युवा जागतिक सुवर्ण आणल्यावर तर विचारूच नका. पण यातल्या कुणी धनुष्य स्वतः केलेलं नाही. इंडियन राउंडवाले (देशी धनुष्यांच्या स्पर्धेतले) बांबूचं वापरतात तेवढंच, तेही विकतचं.

दोन प्रश्न. इशीच्या धनुष्याचं पाउंडेज (ओढायला लागणारा जोर) किती? आणि तो दोरी कशी ओढायचा, तीन बोटांनी?

---

खाडीपलीकडे

पाउंडेज ४०च्या आसपास, ओढ साधारण २६ इंच. आजच्या ऑलिंपिकवाल्या मुलींच्या धनुष्याइतकंच म्हणा.

ओढायची पद्धत मजेशीर होती. तीन बोटांची नाहीच. उजवा अंगठा दोरीवर आकडीसारखा वाकवायचा आणि मधलं बोट अंगठ्याच्या नखावर दाबून आधार द्यायचा. मंगोल पद्धतीची चुलत बहीण. मांडी घालून नव्हे, पण उकिडवं बसून मारायला त्याला आवडायचं, झुडपाआडून मारणाऱ्याची सवय.

आणि गंमत म्हणजे निशाण्याच्या तिरंदाजीत तो काही फार चमकला नाही. रंगीत फळ्यावर लांबून मारायचं म्हटलं की पोप आणि त्यांचा तिरंदाज मित्र कॉम्प्टन त्याच्या पुढे. दहा-वीस यार्डांवरची खार किंवा लावा मात्र त्याच्या तडाख्यातून सुटायची नाही. जवळ जाणं ही त्याची विद्या. जवळ गेल्यावर बाण सोडणं सोपंच.

---

शंकेखोर

लेख चांगला, पण 'दाता' शब्दापाशी अडखळलो.

पहिली शंका. ज्याचं सगळं गेलंय, ज्याला भाषा समजणारा जगात कुणी नाही, जो संग्रहालयात राहतो आणि रविवारी लोक ज्याला बघायला येतात, त्याच्यापुढे पर्याय काय होता? त्याने 'वाटलं' की त्याच्याकडून 'काढून घेतलं'? आपण ज्याला औदार्य म्हणतो ते कधीकधी दुबळ्याचं शहाणपण असतं. ज्यांच्या ताटात जेवायचं त्यांना खूश ठेवा.

दुसरी शंका तांत्रिक आहे आणि तुमच्या परंपरेच्या माळेलाच हात घालणारी आहे. इशीकडून शिकल्यावर पोपने स्वतः कुठलं धनुष्य वापरलं? यू नावाच्या झाडाच्या लाकडाचं, लांब इंग्रजी पद्धतीचं. उंचीएवढं, सरळ. इशीचं आखूड, शिरा लावलेलं, वळल्या टोकांचं धनुष्य त्याने शिकारीला घेतलंच नाही. आणि आजचं रिकर्व्ह कुठून आलं? १९३०च्या दशकात हिकमन, क्लॉपस्टेग या भौतिकशास्त्रज्ञांनी धनुष्याचं गणित मांडलं, क्लॉपस्टेगने तुर्की धनुष्यांचा अभ्यास केला. पुढे लाकडाच्या पट्ट्यांना फायबरग्लास चिकटवायला लागले आणि आजचं रिकर्व्ह जन्मलं. यात जुनिपर कुठे, सामनचा सरस कुठे? बेअरची ती १९४७नंतरची ग्रेलिंगची फॅक्टरी आणि इशीचा तापलेला दगड यांचा संबंध लावणं म्हणजे ओढूनताणून वंशावळ करणं आहे.

---

भोचक भवानी

शंकेखोर +१, पहिल्या शंकेला. दुसरीतलं मला कळत नाही, पण 'काढून घेतलं' यात बरंच तथ्य आहे.

त्याच्या मृत्यूनंतरचं वाचा. क्रोबर तेव्हा न्यूयॉर्कला होते. शवविच्छेदन करू नका असं त्यांनी कळवलं. विज्ञानाच्या हिताची भाषा कुणी केली तर माझ्या वतीने सांगा, विज्ञान गेलं खड्ड्यात, अशा आशयाचं पत्र आहे. ते पोचेपर्यंत विच्छेदन उरकलं होतं. मेंदू काढून घेतला. १९१७ साली तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे गेला, आणि पाठवणारे क्रोबरच! शरीर मात्र त्याच्या वस्तूंसह दहन केलं: एक धनुष्य, पाच बाण, एकॉर्नच्या (ओकच्या फळांच्या) पिठाची टोपली, शिंपल्यांचं चलन, तंबाखू. अस्थी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या कोल्मा गावच्या माउंट ऑलिव्हेट दफनभूमीत ठेवल्या. मेंदू ऐंशी-एक वर्षं एका टाकीत पडून होता. २०००च्या ऑगस्टमध्ये तो रेडिंग रँचेरिया आणि पिट रिव्हर या जमातींच्या हाती दिला गेला आणि त्यांनी तो आपल्या रीतीने पुरला.

म्हणजे ज्याने हातातली विद्या दिली त्याच्या डोक्याचं यांनी काय केलं बघा. पोपसकट. विच्छेदनाला पोपची संमती होती हे विसरू नका. 'मित्र' होता म्हणे.

---

तापीकाठ

आमच्या भागात (नंदुरबार-धडगाव) भिल्ल-पावरा मंडळी अजून कमठा करतात. पूर्ण बांबूचा. दोरीसुद्धा बांबूच्या सालीची, टोकांना सुताचं किंवा कातड्याचं बांधकाम. वाकवताना चुलीच्या धगीवर धरतात. लहानपणी आमच्या शेतावरच्या एका आजोबांनी मला कमठा करून दिला होता, आणि तो नीट ठेवला नाही म्हणून शिव्याही. दोरी काढून ठेव म्हणायचे.

त्यामुळे 'धनुष्य थकतं' हे वाचून मला जराही नवल वाटलं नाही. ताण देऊन ठेवलं तर लाकूड त्या वाकाला सवयतं हे कुठल्याही धनुष्य करणाऱ्याला ठाऊक असतं. इशीने ते घामाच्या भाषेत सांगितलं.

शंकेखोर, तुमच्या पहिल्या शंकेबद्दल. आदिवासी माणसाने काही शिकवलं की तो लाचार होता असं म्हणणंही एक प्रकारे त्याच्याकडून काढून घेणंच आहे. आमच्या त्या आजोबांना माझ्याकडून काय मिळणार होतं?

---

मधली आळी

एकलव्य आठवला. आपल्याकडे अंगठा मागितला. इथे रानातला माणूसच गुरू, शिष्य शहरातला डॉक्टर, आणि गुरू अंगठ्यानेच दोरी ओढतो.

---

शंकेखोर

मधली आळी, वाक्य देखणं आहे, पण माझ्या शंकेचं उत्तर नाही. :)

तापीकाठ, मुद्दा मान्य आहे असं समजा, पण अर्धाच. तुमचे आजोबा रात्री स्वतःच्या घरी जात होते.

---

खाडीपलीकडे

दोन्ही शंकांवर सविस्तर लिहितो, कारण धागा काढण्यामागचं कारण तेच आहे.

पर्याय. सरकारच्या इंडियन खात्याचा माणूस त्याला भेटायला आला होता. आपल्या मुलखात परत जायचंय का, की आरक्षित वस्तीत राहायचंय, असं विचारलं. इशीने सांगितलं की मी इथेच राहणार, याच घरात म्हातारा होणार. आता 'मुलूख' म्हणजे जिथे त्याच्या ओळखीचं कुणी जिवंत नाही ते खोरं. तेव्हा हा पर्याय किती खरा, हा प्रश्न उरतोच, ते मी नाकारत नाही. १९१४च्या उन्हाळ्याआधी क्रोबर, वॉटरमन, पोप आणि पोपचा अकरा वर्षांचा मुलगा त्याला घेऊन डिअर क्रीकला गेले, तेव्हाही सुरुवातीला तो जायला तयार नव्हता. मेलेल्यांच्या जागी जायचं म्हणजे काय ते त्यालाच माहीत. गेल्यावर मात्र त्याने झाडं, कंद, लपायच्या जागा, माग काढायच्या खुणा सगळं दाखवलं. पोहला, शिकार केली, पोराला बरोबर घेऊन हिंडला.

पण मी 'दाता' म्हणतो ते वेगळ्या कारणासाठी. मालकांना खूश ठेवायला रविवारची पाती पुरेशी होती. लोक तेवढ्यावर समाधानी होते. दाखवायला म्हणून एक धनुष्य करून कोपऱ्यात ठेवलं असतं तरी चाललं असतं. तो तेवढ्यावर थांबला नाही. पोपचं काम वाईट झालं की तो नाक मुरडायचा, पुन्हा करायला लावायचा. शिकारीआधी तंबाखू ओढायची नाही, मासे खायचे नाहीत, अंगाला वास येता कामा नये, हे नियम त्याने त्या सर्जनला लावले. दिखाऊ प्रयोग करणारा असे नियम लावत नाही. शिष्य करणारा लावतो.

भोचक भवानी, विच्छेदनाचं तुम्ही लिहिलंत ते धाग्यात हवंच होतं. त्यात पोपची बाजू घ्यायची इच्छा नाही.

आता तांत्रिक शंका. पोप यूच्या लांब धनुष्याकडे वळला हे खरं. लांब बाण पूर्ण ओढून मोठं जनावर मारायचं होतं. १९२०ला यलोस्टोनमध्ये पोप आणि यंगने ग्रिझली अस्वलं मारली ती यूच्याच धनुष्यांनी. हेही खरं की आजच्या कारखान्यातल्या रिकर्व्हचं गणित तुर्की धनुष्यांच्या अभ्यासातून आणि प्रयोगशाळेतून आलं. पण हे गणित कुणासाठी मांडलं गेलं? १९११ साली अमेरिकेत धनुष्य म्हणजे बागेतला खेळ होता. उच्चभ्रू बायका-पुरुष हिरवळीवर मारायचे. धनुष्य स्वतः करायचं, ते घेऊन रानात जायचं, जवळ सरकायचं, हे वेड पोपला इशीने लावलं. पोपच्या पुस्तकात धनुष्य कसं करावं, बाण कसे करावेत, दोरी कशी वळावी याची सविस्तर प्रकरणं आहेत. इशीने जसं काही हातचं राखलं नाही तसंच त्यानेही. पोप १९२६ला गेला. त्याचा साथी यंग अलास्कातल्या शिकारीचा चित्रपट घेऊन गावोगाव फिरत होता. १९२७ला डेट्रॉइटमध्ये मोटारींच्या धंद्यात काम करणाऱ्या पंचविशीच्या फ्रेड बेअरने तो पाहिला. पुढे यंगची ओळख झाली आणि बेअरला धनुष्य, बाण, दोरी करायला यंगनेच शिकवलं. तेही फुकट. १९३३ला बेअरने डेट्रॉइटमध्ये कंपनी काढली, पोटासाठी मोटार कंपन्यांची छपाईची कामं आणि हौसेला धनुष्यं.

वंशावळ लाकडाची लावाल तर तुटते, शिकवण्याची लावाल तर तुटत नाही.

---

सातारारोड

हे पटलं. आमच्याकडेही धनुष्य कोरियाचं किंवा अमेरिकेचं येतं, पण पोरगं घडतं ते गावातल्या मास्तरमुळे.

---

भोचक भवानी

अजून एक भर घालते. 'शेवटचा शुद्ध याही' हे जे सगळीकडे लिहिलेलं असतं त्यालाही धक्का बसलाय. १९९०च्या दशकात बर्कलीच्या एका पुरातत्त्वज्ञाने इशीने केलेली बाणाची पाती आणि जुन्या याही वस्त्यांवर सापडलेली पाती ताडून पाहिली. इशीची पाती याहींपेक्षा शेजारच्या विंटू-नोमलाकींच्या घाटणीची निघाली. म्हणजे लहानपणी तो त्या लोकांतल्या कुणा पुरुषाकडून शिकला असावा. लपून राहिलेली ती टोळी वेगवेगळ्या जमातींतल्या उरल्यासुरल्यांची मिळून झाली असावी. म्हणजे त्यालाही कुणीतरी, स्वतःच्या जमातीबाहेरच्या पोराला, शिकवलं होतं.

काच तासायच्या त्याच्या लांब दांड्याच्या हत्याराला आज दगड घडवणारे हौशी लोक 'इशी स्टिक' म्हणतात. ते मात्र मला आवडतं. कुठल्याही पुतळ्यापेक्षा बरं.

---

रंधा

उशिरा आलो. सुतारकीची हौस आहे, बांबूची दोन-चार धनुष्यं केलीत, म्हणून लाकडाच्या बाजूने लिहितो. वर कुणी सांगितलं नाही की ते शिरांचं काम नक्की कशासाठी.

धनुष्य ओढलं की पाठ (म्हणजे निशाण्याकडची बाजू) ताणली जाते आणि पोट (आपल्याकडची बाजू) दाबलं जातं. लाकूड दाब बऱ्यापैकी सोसतं, पण पाठीवर एखादा रेषा तुटला की चीर पडून धनुष्याचे दोन तुकडे. लांब धनुष्यात वाक लांबीभर वाटला जातो, म्हणून नुसतं लाकूड चालतं. ४२ इंची धनुष्य २६ इंच ओढायचं म्हणजे अतिरेक आहे, नुसतं लाकूड तिथे टिकणारच नाही. कंडरा लाकडापेक्षा कितीतरी जास्त ताणली जाते आणि न तुटता परत येते. वर सरस वाळताना आक्रसतो, शिरांना ओढतो, आणि धनुष्य दोरीशिवाय असताना उलट्या बाजूला वाकू लागतं. म्हणजे दोरी चढवल्याक्षणीच त्यात ताण भरलेला. टोकं उलटी वळवण्याचा फायदा असा की सुरुवातीच्या ओढीतच जोर साठतो आणि शेवटच्या इंचांत धनुष्य हाताला अचानक जड होत नाही. आखूड धनुष्यात शेवटचा जडपणा हाच मोठा त्रास.

टोकं तापल्या दगडावर वाकवणं वाचायला सोपं आहे. कोरडी धग जास्त झाली की लाकूड करपतं, कमी पडली की वाकताना चिरतं, आणि दोन्ही टोकं सारखी वळली पाहिजेत नाहीतर धनुष्य हातात पिळतं. थर्मामीटर नाही, साचा नाही. त्याने ती धग हाताच्या तळव्यावर जोखली असणार.

आणि मुरवण्याबद्दल: "काही महिने, कधी काही वर्षं" हे वाक्य पुन्हा वाचा. लपून राहणारी, माग राहू नये म्हणून दगडादगडावरून चालणारी माणसं पुढच्या वर्षाचं लाकूड आज मुरत ठेवत होती. १९०८ला त्या मोजणीवाल्यांनी नेलेल्या धनुष्यांत किती वर्षं होती, याचा विचार करून माझं डोकं फिरलं.

---

चिंचेचं बोटुक

रंधाभाऊ, शिरा म्हणजे पिंजाऱ्याच्या धनुकलीला असते तशी तात का? आमच्या वाड्यात पिंजारी यायचा, त्याचा तो टँव टँव आवाज अजून कानात आहे. इशी तोंडाशी धरून वाजवायचा ते तसंच काहीसं असेल.

---

रंधा

ताई, तात आतड्याची असते, ही पायातली कंडरा. वाळली की काडीसारखी कडक होते, कुटली की रेशमासारखे तंतू सुटतात. आवाजाचं तुमचं बरोबर असेल. फक्त इथे तोंडाची पोकळी घुमायला मिळते म्हणून स्वर बदलता येतो.

---

शंकेखोर

रंधा यांच्या प्रतिसादानंतर माझी दुसरी शंका मी जराशी बदलतो. लाकडाच्या वंशावळीतही धागा अगदीच तुटलेला नाही. अमेरिकेत गेली काही दशकं शिरा लावलेली आखूड धनुष्यं हाताने करणाऱ्यांचा एक वर्ग आहे आणि ते पोपचा १९१८चा प्रबंधच उघडून बसतात. ती मापं, तो क्रम, ते विलोच्या सालीचं बांधणं सगळं तिथून घेतात. लिहून ठेवण्याचं श्रेय पोपचं, पण लिहिण्याजोगं सांगणारा दुसरा होता.

पहिली शंका कायम. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात: तो मनापासून देत होता, आणि घेणाऱ्यांना घेण्याचा हक्क नव्हता.

---

तापीकाठ

हे चालेल.

---

सातारारोड

इशीच्या मुलखात आता जाता येतं का? पुढच्या वर्षी बहिणीकडे सॅन होजेला येणार आहे.

---

खाडीपलीकडे

येतं. लासेन राष्ट्रीय वनाचा तो भाग १९८४पासून 'इशी विल्डरनेस' म्हणून राखीव आहे, सुमारे ४१ हजार एकर. मिल क्रीक, डिअर क्रीक दोन्ही त्यात. उन्हाळ्यात अंग भाजून निघतं, वसंतात या. रस्ते खडबडीत, साधी गाडी नेऊ नका. तिथे दगडाची पाती वगैरे दिसली तर उचलायची नाहीत, कायद्याने गुन्हा आहे आणि तसंही त्या लोकांचं पुरेसं उचलून झालंय. त्याने केलेल्या वस्तू बर्कलीला विद्यापीठाच्या हर्स्ट संग्रहालयाकडे आहेत. काय मांडलंय ते आधी चौकशी करूनच जा.

---

चिंचेचं बोटुक

अवांतर: माझा मुलगा बारावीनंतर मोकळा आहे आणि हा धागा वाचून त्याला असंच धनुष्य करायचंय. जुनिपर कुठून आणू? आणि हरणाच्या शिरा??

---

रंधा

हरणाचं नाव काढू नका ताई, १९७२च्या वन्यजीव कायद्यात थेट आत जाल. शिकारीचा तर प्रश्नच नाही, फक्त गवताच्या पेंढीवर मारायचं.

जुनिपरचीही गरज नाही. सिंधुदुर्गातला कुणी ओळखीचा असेल तर भरीव माणगा मागवा, तीन वर्षांच्या पुढचा, आणि सावलीत आडवा ठेवून निदान एक उन्हाळा वाळू द्या. पहिलं धनुष्य लांब करू द्या, त्याच्या उंचीएवढं, सरळ टोकांचं. ते मोडेल. दुसरंही बहुधा मोडेल. तिसऱ्यापासून टोकं वळवायला घ्यायची. पाठीला शिरांऐवजी अंबाडीचे किंवा जवसाचे लांब तंतू सरसात भिजवून बसवता येतात, विंचरून अगदी सरळ केलेले. सरस पातळ आणि कोमट ठेवायचा, उकळू द्यायचा नाही.

आणि हे काम दिवाळीनंतर काढा. पावसाळी हवेत सरस वाळतच नाही, वर बुरशी धरते. लागलं तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, घासून दाखवलेले नमुने आहेत माझ्याकडे, पाठवतो. पैसे नकोत.